गर्दीच्या ठिकाणचे वाय-फाय : ॲक्सेस पॉइंटच्या क्षमतेचे नियोजन

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात :

- सिग्नलची पोहोच आणि नेटवर्कची क्षमता यांतला फरक सांगणे
- एअरटाइमचा हिशेब मांडून एखाद्या सभागृहाला किती रेडिओ लागतील याचा अंदाज काढणे
- ॲक्सेस पॉइंट वाढवूनही वेग का वाढत नाही, याचे कारण देणे
- आयपी पत्ते, ओटीपी आणि चाचणी यांचा नियोजनात विचार करणे

पूर्वज्ञान : डेसिबल मोजमाप, आयपी पत्ता आणि सबनेट यांची तोंडओळख.

१. सिग्नल आहे, पण नेट नाही

स्नेहसंमेलनात, परीक्षा केंद्रावर किंवा रेल्वेच्या फलाटावर हा अनुभव तुम्ही घेतला असेल. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, पण साधे पानही उघडत नाही. या रेघा एवढेच सांगतात की ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत नीट पोहोचतो आहे. तुमच्या फोनला बोलायची पाळी किती वेळाने येईल, हे त्या सांगत नाहीत.

घरात वाय-फाय बसवताना आपण पोहोच पाहतो : शेवटच्या खोलीत सिग्नल येतो का? घरात माणसे चार, फोन सहा; पाळीचा प्रश्न सहसा येत नाही. गर्दीच्या जागी गणित उलटे होते. दीड हजार माणसे एका छपराखाली बसलेली असतात, सिग्नल सगळीकडे असतो, आणि तुटवडा असतो तो वेळेचा. म्हणून या पाठाचे मुख्य सूत्र आधीच लिहून ठेवा : गर्दीच्या जागी तुम्ही सिग्नल वाटत नसता, सेकंद वाटत असता. पुढचा सगळा हिशेब या एका वाक्यातून निघतो.

२. एअरटाइम म्हणजे काय?

एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा वाय-फायचा मूळ नियम. ॲक्सेस पॉइंट आणि त्या चॅनेलवरचे सगळे फोन ही हवा वाटून घेतात. बोलण्यापूर्वी प्रत्येक उपकरण कानोसा घेते. चॅनेल मोकळा असेल तर ठरावीक काळ थांबते, मग स्वतःसाठी एक यादृच्छिक आकडा काढते, तितक्या खाचा मोजते आणि मगच पाठवते. पलीकडून पोच मिळाली नाही तर टक्कर झाली असे समजून पुन्हा प्रयत्न करते.

हा आकडा सुरुवातीला बहुधा ० ते १५ यांपैकी असतो. बोलू पाहणारे दोघेच असतील तर दोघांचा आकडा सारखा येण्याची शक्यता १६ त १. पण एकाच वेळी २० उपकरणे रांगेत असतील तर? आकडे १६ आणि उमेदवार २०. म्हणजे किमान दोघांचा आकडा सारखा निघणारच. टक्कर होते ती सर्वांत लहान आकडा दोघांनी काढला तरच, तरीही गर्दी वाढली की टकरी वाढतात. टक्कर झाली की आकड्यांची कक्षा दुप्पट होते, १५ ची ३१, मग ६३, आणि वाट पाहण्यात जाणारा वेळही वाढतो.

आता एका लहान पॅकेटचा खर्च पाहू. २०० बाइटचे पॅकेट १०० एमबीपीएस वेगाने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पाठवायचे आहे. स्थूलमानाने हिशेब असा :

- सुरुवातीचे थांबणे : ३४ मायक्रोसेकंद
- आकडा मोजणे (सरासरी ७.५ खाचा, प्रत्येकी ९) : ६७.५ मायक्रोसेकंद
- पॅकेटच्या आधीची प्रस्तावना : सुमारे ४० मायक्रोसेकंद
- प्रत्यक्ष माहिती : १६ मायक्रोसेकंद
- पोच येण्यापूर्वीचा विराम : १६ मायक्रोसेकंद
- पोच : सुमारे २८ मायक्रोसेकंद

एकूण सुमारे २०१ मायक्रोसेकंद, आणि त्यांत खऱ्या माहितीला फक्त १६! आता वेग चौपट करा. माहितीचा वेळ १६ वरून ४ वर येईल, पण बाकीचा खर्च तसाच राहील. एकूण बचत जेमतेम ६ टक्के. उपकरणे अनेक पॅकेटे एकत्र बांधून पाठवतात तेव्हा हे चित्र बरेच सुधारते. पण गर्दीतली वाहतूक मुख्यतः लहान निरोप, पोचपावत्या, नाव शोधण्याच्या विनंत्या अशा तुकड्यांची असते. म्हणून खोक्यावर छापलेला 'इतके गिगाबिट' हा आकडा सभागृहाच्या नियोजनात फारसा कामाला येत नाही.

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एएक्स मानकात, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, एकाच पाळीत अनेक फोनना चॅनेलचा थोडा थोडा भाग वाटून देण्याची सोय आहे. ती नेमकी याच खर्चावरचा उपाय आहे. मात्र तिचा लाभ ती समजणाऱ्या फोननाच मिळतो.

३. चॅनेल किती आहेत?

वेळेचा साठा वाढवायचा एकच मार्ग आहे : एकमेकांना न अडवणारे चॅनेल. प्रत्येक स्वतंत्र चॅनेल म्हणजे दर सेकंदाला एक जादा सेकंद. म्हणून आधी चॅनेल मोजा, ॲक्सेस पॉइंट नंतर.

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात भारतात १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल वापरता येतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. खऱ्या अर्थाने वेगळे तीनच : १, ६ आणि ११. ब्लूटूथही याच पट्ट्यात चालते. याचा अर्थ, एका सभागृहात या पट्ट्यावर चौथा ॲक्सेस पॉइंट लावला तर नवा वेळ मिळत नाही. आहे त्या वेळेत आणखी एक वाटेकरी येतो.

५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परिस्थिती पुष्कळ बरी आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे वाय-फायसाठी परवानामुक्त झाले. एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. नेहमीच्या चॅनेल-आराखड्यानुसार त्यात असे चॅनेल बसतात :

- २० मेगाहर्ट्झ रुंदीचे : २५
- ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे : १२
- ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे : ६
- १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे : २

रुंद चॅनेल घेतला की एका फोनचा वेग वाढतो, म्हणून घरी ८० ठीक. गर्दीत मात्र २० घ्यावा. वर पाहिलेला ठरलेला खर्च रुंदीमुळे कमी होत नाही. शिवाय रुंदी दुप्पट झाली की पार्श्वभूमीचा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. २० वरून ८० वर गेलात तर ६ डेसिबल. एका रुंद दारापेक्षा चार अरुंद दारांतून गर्दी लवकर सरकते, कारण चार रांगा लागतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मधल्या काही चॅनेलवर रडार चालतात. रडारची चाहूल लागताच चॅनेल सोडायचा, अशी व्यवस्था ॲक्सेस पॉइंटमध्ये असते आणि नव्या चॅनेलवर जाण्यापूर्वी तो साधारण एक मिनिट नुसता ऐकत राहतो. विमानतळ किंवा बंदर जवळ असेल तर हे चॅनेल आधी काही दिवस तपासून पाहा. दुसरी गोष्ट ६ गिगाहर्ट्झची. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी खुला करण्याचे मसुदा नियम दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. आराखडा करताना त्या दिवशी लागू असलेला नियम पाहूनच हा पट्टा हिशेबात धरा.

४. तोच चॅनेल पुन्हा वापरता येईल का?

मोबाइल कंपन्या एकच फ्रिक्वेन्सी शहरात अनेक ठिकाणी वापरतात. मग सभागृहाच्या दोन टोकांना एकच चॅनेल का नको? आकडे मांडून पाहू.

५.५ गिगाहर्ट्झवर मोकळ्या जागेत १ मीटर अंतरावर सिग्नल सुमारे ४७ डेसिबलने घटतो. अंतर दहापट झाले की आणखी २० डेसिबल. म्हणजे १० मीटरवर ६७ आणि १०० मीटरवर ८७ डेसिबल. ॲक्सेस पॉइंटची शक्ती १७ डीबीएम धरली तर १०० मीटरवर त्याचा सिग्नल १७ उणे ८७, म्हणजे उणे ७० डीबीएम असतो. दुसऱ्याचे बोलणे ऐकून गप्प बसण्याची मर्यादा सुमारे उणे ८२ डीबीएम आहे. उणे ७० हा तिच्यापेक्षा १२ डेसिबल वर आहे. १२ डेसिबल म्हणजे अंतराची चौपट. तो सिग्नल मोकळ्या जागेत ४०० मीटरपर्यंत दुसऱ्याला गप्प बसवू शकतो!

सभागृह ४० मीटर लांबीचे असते. म्हणून उघड्या सभागृहात तोच चॅनेल दुसऱ्यांदा वापरण्याचा फायदा जवळपास शून्य धरून चाला. पुनर्वापर शक्य होतो तो अडथळ्यांमुळे : भिंती, काँक्रीटचे मजले, एका दिशेला रोखलेले अँटेना आणि माणसांची शरीरे. शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने ते या लहरी चांगल्याच शोषते. मोठ्या मैदानांत ॲक्सेस पॉइंट आसनांखाली बसवतात त्यामागे हाच विचार असतो. वरची गर्दी सिग्नलला दूर जाऊ देत नाही. म्हणजे उघड्यावर जो अडथळा वाटतो, तोच इथे भिंतीचे काम करतो.

५. मागणी मोजणे

आता माणसांकडे वळू. आसनसंख्या म्हणजे मागणी नव्हे. तीन चाळण्या लावाव्या लागतात : किती जण वाय-फायला जोडतील, त्यांतले किती जण एकाच क्षणी काही मागतील, आणि प्रत्येकाला किती वेग पुरेल.

या चाळण्यांचा अंदाज यावा म्हणून एक नोंदलेले उदाहरण घेऊ. ७ फेब्रुवारी २०१६ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे लेव्हाइज स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलचा पन्नासावा सुपर बोल सामना झाला. प्रेक्षक सुमारे ७१,०००. दिवसभरात वाय-फाय वापरणारे सुमारे २७,३००, आणि एका वेळी जास्तीत जास्त सुमारे २०,३००. म्हणजे गर्दीच्या टोकाच्या क्षणीही १०० पैकी २८ ते २९ जणच जोडलेले होते. एकूण माहिती सुमारे १०.१ टेराबाइट गेली. वापरणाऱ्यांत वाटली तर माणशी सुमारे ३७० मेगाबाइट. ती चार तासांवर पसरली असे समजा. सरासरी वेग माणशी फक्त ०.२ एमबीपीएस येतो. सरासरी नेहमी अशीच लहान दिसते. नियोजन मात्र सरासरीवर नव्हे, टोकाच्या क्षणावर करायचे असते : गोल झाला, निकाल लागला, 'आता सगळ्यांनी लिंक उघडा' असे सूत्रसंचालक म्हणाला.

तुमच्या कार्यक्रमासाठी हे प्रमाण तुम्हालाच ठरवावे लागेल. मैदानात मोबाइल डेटा चालत असेल तर वाय-फायला कमी लोक जोडतात. तळघरातल्या सभागृहात जवळपास सगळे जोडतात. ऑनलाइन चाचणी असेल तर 'एकाच क्षणी' हे प्रमाण १०० टक्के धरा.

६. सोडवलेले उदाहरण

समजा, १२०० आसनांचे सभागृह आहे.

*पायरी १ : मागणी.* ७० टक्के जोडतील, म्हणजे ८४०. त्यांतले निम्मे एका क्षणी काही मागतील, म्हणजे ४२०. प्रत्येकाला १ एमबीपीएस पुरेल. एकूण ४२० एमबीपीएस.

इथे थांबून 'आमचा एक ॲक्सेस पॉइंट गिगाबिटचा आहे, मग एकच पुरे' असे म्हणण्याचा मोह होतो. हीच चूक टाळायची आहे. बिट मोजू नका, वेळ मोजा.

*पायरी २ : फोनचे प्रकार.* समजा, चारांतले तीन फोन नवे आहेत आणि २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्यांना सगळा खर्च वजा जाता ६० एमबीपीएस मिळू शकतात. उरलेले जुने किंवा दूर बसलेल्यांचे आहेत. त्यांना १५ एमबीपीएस.

*पायरी ३ : एअरटाइम.* १ एमबीपीएस पुरवायला नव्या फोनला चॅनेलच्या वेळेचा १/६० भाग लागतो, जुन्याला १/१५.

- ३१५ नवे फोन : ३१५ ÷ ६० = ५.२५ चॅनेल
- १०५ जुने फोन : १०५ ÷ १५ = ७.०० चॅनेल
- एकूण : १२.२५ चॅनेल

संख्येने पाव असलेले फोन निम्म्याहून अधिक वेळ खातात, हे नीट पाहून ठेवा.

*पायरी ४ : मोकळीक.* चॅनेल १०० टक्के भरला की टकरी आणि रांगा अनावर होतात. म्हणून ७० टक्क्यांपर्यंतच भरायचा असे ठरवू. १२.२५ ÷ ०.७ = १७.५. म्हणजे १८ रेडिओ, प्रत्येक वेगळ्या चॅनेलवर. २५ पैकी १८ चॅनेल रिकामे मिळाले तर हे जमेल. प्रत्येक रेडिओवर सुमारे ४७ फोन जोडलेले असतील.

*पायरी ५ : पर्याय.* शेवटच्या रांगांच्या जवळ ॲक्सेस पॉइंट नेले आणि १५ एमबीपीएसवाले फोन ३० वर आले तर? १०५ ÷ ३० = ३.५. एकूण ८.७५, भागिले ०.७ = १२.५, म्हणजे १३ रेडिओ. सर्वांत मंद फोनची स्थिती सुधारली आणि पाच रेडिओंची गरजच उरली नाही. नवे फोन आणखी वेगवान केले असते तर एवढा फरक पडला नसता, करून पाहा.

७. बीकनचा छुपा खर्च

प्रत्येक नेटवर्क-नावासाठी ॲक्सेस पॉइंट दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' अशी हाळी देतो. तिला बीकन म्हणतात. ३०० बाइटचे बीकन १ एमबीपीएस या सर्वांत जुन्या वेगाने पाठवले तर सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात. 'विद्यार्थी', 'शिक्षक', 'पाहुणे', 'आयोजक' अशी चार नावे ठेवली आणि एकाच चॅनेलवर तीन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील तर १२ बीकन होतात. १२ × २.६ = ३१ मिलिसेकंद. कोणी एक अक्षरही पाठवण्यापूर्वी ३० टक्के वेळ संपला!

किमान वेग १२ एमबीपीएस ठेवला तर एका बीकनला ०.२२ मिलिसेकंद लागतात आणि तोच खर्च ३ टक्क्यांच्या आत येतो. म्हणून दोन नियम : नेटवर्कची नावे कमीत कमी ठेवा, आणि सर्वांत खालचे वेग बंद करा. हे दोन्ही बदल सेटिंगचे आहेत; त्यांना पैसे लागत नाहीत.

८. जुन्या फोनचे काय करायचे?

वरचा हिशेब वाचून कोणीही म्हणेल : जुने फोन वेळ खातात, मग २.४ गिगाहर्ट्झ बंदच करू. परदेशी परिषदांचे आराखडे पाहिले तर हा सल्ला भेटतोच. पण आपल्याकडे स्वस्त फोनांपैकी बऱ्याच जुन्या फोनांत २.४ गिगाहर्ट्झ एवढाच पट्टा असतो. तो बंद केला तर सिग्नल कमी होत नाही, दारच बंद होते. आणि ते कोणासाठी बंद होते, हे उघड आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा ऑनलाइन चाचणी त्याच नेटवर्कवर असेल तर हा केवळ तांत्रिक निर्णय राहत नाही.

आकड्यांनीच मार्ग काढू. समजा, १०५ पैकी ४० फोन फक्त २.४ चे आहेत. त्यांची मागणी ४० ÷ १५ = २.६७ चॅनेल. आपल्याकडे तीन चॅनेल, ७० टक्के भरले तर २.१. म्हणजे सगळ्यांना १ एमबीपीएस देता येत नाही. प्रत्येकी ०.७५ दिले तर ४० × ०.७५ ÷ १५ = २.०, बसते. बाकीच्यांसाठी ५ गिगाहर्ट्झवर ३१५ ÷ ६० + ६५ ÷ १५ = ९.५८, भागिले ०.७, म्हणजे १४ रेडिओ.

आराखडा असा झाला : १४ ॲक्सेस पॉइंट, सगळ्यांचे ५ गिगाहर्ट्झ चालू, २.४ गिगाहर्ट्झ मात्र त्यांतल्या तिघांवरच चालू आणि उरलेल्या अकरांवर बंद. जुन्या फोनला थोडे कमी मिळते, पण मिळते. कोणाला किती द्यायचे हे कोणीतरी ठरवतेच. आराखडा करणाऱ्याने ठरवले नाही तर ते टकरी ठरवतात.

९. शक्ती कमी, जवळीक जास्त

तक्रार आली की शक्ती वाढवायची, हा सहज सुचणारा उपाय. पण संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. ॲक्सेस पॉइंट मोठ्याने बोलू लागला तरी फोनचा आवाज बॅटरीच्या मर्यादेत तेवढाच राहतो. फोनला रेघा भरलेल्या दिसतात, तो दूरच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो आणि त्याचे उत्तर मात्र धड पोहोचत नाही. शिवाय मोठा आवाज शेजारच्या सभागृहातल्या त्याच चॅनेललाही गप्प बसवतो. म्हणून शक्ती फोनच्या शक्तीच्या आसपास ठेवा आणि ॲक्सेस पॉइंट लोकांच्या जवळ न्या. छत उंच असेल तर खाली रोखलेले, एका दिशेचे अँटेना वापरा.

१०. हवेच्या पलीकडे

रेडिओचा हिशेब बरोबर आला तरी नेटवर्क इतर ठिकाणी अडू शकते.

*आयपी पत्ते.* नेहमीच्या /२४ सबनेटमध्ये २५४ पत्ते असतात. आपल्या ८४० जणांना /२२ (१०२२ पत्ते) लागेल. जिथे माणसे येत-जात राहतात तिथे प्रश्न आणखी वेगळा असतो. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गुगल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर सार्वजनिक वाय-फाय सुरू केले आणि पुढे ही सेवा शेकडो स्थानकांवर गेली. अशा स्थानकाचा विचार करा. समजा, तासाला ३००० नवे फोन जोडतात, प्रत्येक जण २० मिनिटे थांबतो आणि पत्त्याची मुदत ८ तास आहे. माणूस गाडीत बसून गेला तरी पत्ता अडकून राहतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, अडकलेली संख्या = येण्याचा दर × अडकण्याचा काळ. ३००० × ८.३३ = सुमारे २५,००० पत्ते. मुदत ३० मिनिटे केली तर ३००० × (५० ÷ ६०) = २५०० पुरतात. एक आकडा बदलला आणि गरज दहापट उतरली.

*ओटीपी.* सार्वजनिक वाय-फायवर आपल्याकडे मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो. गर्दीत मोबाइल नेटवर्कही तुंबलेले असते. वाय-फाय हवे म्हणून ओटीपी हवा आणि ओटीपीसाठी तुंबलेले नेटवर्क हवे, असा पेच पडतो. शक्य असेल तिथे नोंदणी आदल्या दिवशी करून घ्या.

*वीज आणि तार.* ॲक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्या तारेतूनच द्यायची असेल तर स्विचची एकूण वीज मोजा. प्रत्येकी २५ वॉट धरले तर १४ जणांना ३५० वॉट. आणि बाहेर जाणारी जोडणी ४२० एमबीपीएसपेक्षा लहान असेल तर वरचा सगळा हिशेब तिथेच अडेल.

११. लोकांचे स्वतःचे हॉटस्पॉट

७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स आयफोन ४ दाखवत असताना व्यासपीठावरच पाने उघडेनात. सभागृहात ५७० वाय-फाय बेस स्टेशन चालू आहेत, असे त्यांनी नंतर सांगितले आणि प्रेक्षकांना ती बंद करायला लावली. प्रेक्षकांनी आणलेले खासगी हॉटस्पॉट तेच चॅनेल वापरत होते. सिग्नल कमी नव्हता. बोलणारे फार होते.

मग हॉटस्पॉट जबरदस्तीने तोडावेत का? नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने पाहुण्यांचे हॉटस्पॉट अडवल्याबद्दल मॅरियट हॉटेल कंपनीला ६ लाख डॉलरचा भुर्दंड लावला. परवानामुक्त पट्टा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. उपाय दोनच : लोकांना विनंती करा, आणि आपले नेटवर्क इतके नीट चालवा की हॉटस्पॉट लावायची गरज भासू नये.

१२. चाचणी

रिकाम्या सभागृहातली चाचणी फसवी असते. शरीरे नसल्याने सिग्नल चांगला दिसतो आणि फोन नसल्याने वेळ मोकळा असतो. निदान ५० ते ६० मित्रांना एका भागात बसवा आणि एका इशाऱ्यावर सगळ्यांना एकच पान उघडायला सांगा. त्यांत जुने फोन मुद्दाम ठेवा. मग हे पाहा : चॅनेल किती टक्के भरला, किती पॅकेटे पुन्हा पाठवावी लागली, एका रेडिओवर किती फोन जमले, किती आयपी पत्ते उरले. सर्वांत वेगवान फोनचा वेग नोंदवून उपयोग नाही. सर्वांत मंद फोनवर पान किती सेकंदांत उघडले, ते नोंदवा.

सारांश

गर्दीच्या जागी तुटवडा सिग्नलचा नसून एअरटाइमचा असतो. स्वतंत्र चॅनेलांची संख्या ही वरची मर्यादा. तिच्या पलीकडे ॲक्सेस पॉइंट वाढवून क्षमता वाढत नाही. मंद फोन सर्वाधिक वेळ घेतात, म्हणून त्यांची स्थिती सुधारणे हा सर्वांत स्वस्त उपाय. चॅनेल अरुंद, शक्ती कमी, नेटवर्कची नावे कमी, पत्त्याची मुदत छोटी. आणि कोणाला किती वेळ द्यायचा, हे कागदावर आधी ठरवायचे.

स्वाध्याय

१. विभाग ८ मधील ६५ जुन्या फोनना ५ गिगाहर्ट्झवर १५ ऐवजी ३० एमबीपीएस मिळू लागले तर त्या पट्ट्यात किती रेडिओ लागतील? (उत्तर : ११)

२. सोडवलेल्या उदाहरणात जुने फोन १५ वरच ठेवून नव्या फोनांचा वेग ६० वरून १२० केला तर किती रेडिओ लागतील? पायरी ५ च्या उत्तराशी तुलना करा. (उत्तर : १४)

३. तुमच्या वाचनालयात किती नेटवर्क-नावे दिसतात ते मोजा. सगळी एकाच चॅनेलवर आहेत आणि बीकन १ एमबीपीएसने जाते असे धरून त्यांवर किती टक्के वेळ जात असेल ते काढा.

४. ३०० विद्यार्थ्यांची ऑनलाइन चाचणी आहे. सगळे एकाच क्षणी प्रश्नपत्रिका उघडतील. विभाग ६ मधील पायऱ्या वापरून आराखडा करा. फक्त २.४ गिगाहर्ट्झचा फोन असलेल्यांसाठी तुम्ही काय ठरवले आणि का, ते पाच ओळींत लिहा.